माथेरानला बाईकवर जाताय? मग एवढं कराच

लग्नाला चार वर्षं झाली की नवऱ्याला एकदम आठवतं, आपण लग्नाआधी बाईकवर फिरायचो. माझ्या नवऱ्याला हे गेल्या शुक्रवारी रात्री साडेअकराला आठवलं. "उद्या पहाटे निघू, नऊला माथेरान," एवढं बोलून तो घोरायलाही लागला.

शनिवारी दुपारी एक वाजता आम्ही, जिथे गाड्या सोडाव्या लागतात त्या दस्तुरी नाक्यावर पोचलो. त्यातले अडीच तास नेरळच्या घाटात गेले, आणि घाट सगळा मिळून सात-आठ किलोमीटरचा. मागच्या सीटवर बसलेल्या बाईला दुसरं काही काम नसतं, त्यामुळे तेवढ्या वेळात मला बरंच ज्ञान झालं. पाऊस अजून आहे, तुम्हीही जाणारच. तर वाटून टाकते.

निघायची वेळ पहाटे पाचची ठरवा आणि साडेसातला निघा. बाकीची मुंबईही तेच करते, म्हणजे वाटेत सोबत होते.

रस्ता निवडताना दुचाकीवाल्याने फार डोकं चालवायचं नसतं. सी लिंकवर आपण चालत नाही. कोस्टल रोडवर चालत नाही. अटल सेतूवर चालत नाही, पुण्याच्या एक्स्प्रेसवेवरही चालत नाही. आपण चालतो ते शिळफाट्यावर. शिळफाट्याच्या ट्रॅफिकबद्दल मी काही लिहिणार नाही.

रेनकोट घालायचा तो पूर्ण भिजल्यावर. सॅक मागचीच्या पाठीवर.

बदलापूर, वांगणी, शेलू करत नेरळला आलात की आधी स्टेशनात जाऊन टॉय ट्रेनची चौकशी करा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) गाडी दरवर्षी बंद असते. ती बंद आहे असं खिडकीवर कळलं की दरवर्षीसारखं चकित व्हा आणि रेल्वेला शिव्या द्या. ही गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये घालून दोन फुटी रूळ टाकले, आणि ते डोंगराच्या कलाने वळणं घेत एकवीस किलोमीटर फिरवत वर नेले. माणसांना तेव्हा वेळ होता. आपल्याला नसतो, म्हणून आपण घाटरस्त्याने जातो.

आता घाट. इथे नीट लक्ष द्या, खरं कौशल्य इथेच लागतं.

पुढची गाडी थांबलेली दिसली, तर ती का थांबली याचा विचार करू नका. तिला काही अडचण नाही, तिचा ड्रायव्हर बावळट आहे. तुम्ही चारचाकीत असाल तर उजवीकडून काढा. तुमची गाडी उजवीकडे गेली की मागचे दहा जण तुमच्यामागे येतील आणि दुसरी रांग तयार होईल. डाव्या बाजूला, खडक आणि पहिली रांग यांच्या मधल्या चिखलात, आम्ही बाईकवाले तिसरी करू. आता वरून उतरणाऱ्याला जागा उरली नाही. तो तिथेच थांबला. त्याच्यामागे थांबले ते पार्किंगमधून बाहेर पडायला निघालेले. ते बाहेर पडत नाहीत म्हणून वर जागा होत नाही, वर जागा नाही म्हणून खालचे सरकत नाहीत, आणि खालचे सरकत नाहीत म्हणून वरचे उतरत नाहीत. यावर उपाय एकच. हॉर्न. वळणावर, चढावर, फर्स्ट गिअरमध्ये हाफ क्लचवर लटकलेल्या माणसाच्या कानाशी हॉर्न वाजवला की त्याच्या गाडीला पंख फुटतात. न फुटल्यास पुन्हा वाजवा.

आमच्या मागे सात बुलेटी होत्या. सातही जणांनी सायलेन्सर बदलून घेतलेले. गाडी जागेवर उभी असताना अॅक्सिलेटर पिळून काय मिळतं हे मला अजून कळलेलं नाही, पण काहीतरी मिळत असणार, कारण ते अडीच तास पिळत होते. पुढच्या गाडीची क्लच प्लेट जळाली, तिचा वास धुक्यात मिसळला. त्यातले दादा खाली उतरून कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी काढू लागले. गाडीत मूल ओकत होतं. मूल ओकतंय म्हणून त्याच्या आईने चिप्सची रिकामी पाकिटं खिडकीतून बाहेर टाकून पिशवी मोकळी करून घेतली. हुशारच बाई.

आणि मग वरून एक टॅक्सी आली. माथेरानमधल्याच एक आजी होत्या, पाय फळीला बांधलेला, घरच्यांनी दस्तुरीपर्यंत कसंबसं आणून टॅक्सीत घातलेलं. खाली दवाखान्यात न्यायचं होतं. या गावाला गाडीने खाली उतरायला हा एवढा एकच रस्ता आहे. त्यांचा मुलगा भर पावसात खाली उतरला आणि एकेका गाडीच्या काचेवर टकटक करून हात जोडायला लागला, जरा मागे घ्या हो, जरा डावीकडे घ्या. एकाने काच दोन बोटं खाली केली. म्हणाला, "आम्ही पण दोन तास उभे आहोत." आणि काच वर केली. एसी चालू होता ना आत.

मी नवऱ्याच्या हेल्मेटवर टकटक केलं. म्हटलं, "अरे, आपणही तिसऱ्या रांगेत आहोत." तो म्हणाला, "सगळेच आहेत." आम्ही उतरलो, बाईक चिखलातून ढकलत खडकाला चिकटवली, मागच्या दोन बुलेटवाल्यांनाही उतरवलं. त्यांनी बिचाऱ्यांनी ऐकलं, सांगायला हवं तेही. टॅक्सी निघायला पस्तीस मिनिटं लागली. आजी एकदाही कण्हल्या नाहीत. मला अजून त्या दिसतात.

असो. सल्ला देत होते मी.

दस्तुरीला पोचलात की पार्किंग भरलेलं असेल. तुमच्याकडे धावत येणारा माणूस सांगेल की अमन लॉजहून गावात जाणारी शटल गाडी बंद, ई-रिक्षा बंद, चालत गेलात तर दोन तास, घोडाच करा. त्याच्यावर विश्वास ठेवा. तिथून बाजार अडीच किलोमीटर आहे आणि शटलची शिट्टी तो बोलत असतानाच ऐकू येते, पण खरं खोटं करत बसायला आपण आलो का? या फसवाफसवीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये गावानेच कडकडीत बंद पाळला होता. गाव कंटाळलं, पर्यटक कंटाळत नाही.

हातरिक्षा ओढणारा माणूस अजून दिसलाच तर हळहळा, मग भाड्यात पन्नास रुपये कमी करायला लावा. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांत या हातरिक्षा बंद करा म्हणून सांगितलं. घासाघीस बंद करा असं काही सांगितलेलं नाही.

माकडाला वेफर्स द्या. त्याने पिशवी ओढली की वन खात्याला नावं ठेवा.

इतिहास विचारलाच कोणी, तर १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरानचा शोध लावला असं ठोकून द्या. ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून या डोंगरात होते, पण त्यांनी पॉइंटांना लुईझा आणि अलेक्झांडर अशी नावं दिली नाहीत, त्यामुळे ते मोजायचे नसतात. भाई कोतवालांचं नाव निघालं तर "कोतवाल म्हणजे पोलीस का?" असं विचारा. माझ्या शेजारी भजी खाणाऱ्या एका मुलाने खरंच विचारलं. मी सांगितलं की याच गावात जन्मलेला वकील, बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता या भूमिगत तुकडीतून मुंबईच्या विजेचे मनोरे पाडणारा, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळी लागून गेलेला. तो म्हणाला, "ओके," आणि चटणी मागितली.

आणि शेवटचं. इको पॉइंटवर जाताना ब्लूटूथ स्पीकर विसरू नका. समोरचा डोंगर आपला आवाज परत देतो म्हणून लोक तिथे जायचे. आता डोंगराला बोलायला मिळत नाही. एका वेळी तीन गाणी लागलेली असतात, तिन्ही आयटम साँग, आणि दरीतून परत येते ती फक्त धडधड.

अहो, बस झालं. किती उपरोध करायचा? कळतं तरी का कोणाला?

दस्तुरीच्या पुढे मोटारगाडी जात नाही, या एका गोष्टीसाठी आपण तिथे जातो. मुंबईपासून इतक्या जवळ हॉर्न नसलेलं दुसरं गाव दाखवा मला. लाल मातीचा रस्ता, वर झाडं, आणि पावलांचा आवाज ऐकू येतो. रविवारी पहाटे साडेसहाला आम्ही पॅनोरमा पॉइंटच्या वाटेवर दोघंच होतो, धुकं इतकं की तो चार पावलांवर असून दिसत नव्हता, नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. चार वर्षांत मला तो ऐकू आला नव्हता, भांडुपच्या घरात कूकर, टीव्ही आणि खालचा रस्ता यांतून कुठला येणार? तेवढ्यासाठी मी तो घाट सोसला. आणि तुम्ही तिथे स्पीकर घेऊन येता! घाट चढायचा तर एका रांगेत चढा. पुढचा थांबला तर थांबा, गाडी बंद करा, काच खाली करा, पाऊस ऐका. तुमच्या एका शनिवारपायी कोणाची आई रस्त्यात अडकते, याची जरा लाज बाळगा. कचरा सॅकमध्ये परत न्या, आणताना मावला होता ना? आणि गाडी चालवता येत नसेल तर नेरळला ठेवा. शेअर टॅक्सीवाले रोज हा घाट चढतात, त्यांना येतं.

रविवारी आम्ही लवकर उतरलो. खालच्या वळणावर एका मोठ्या पांढऱ्या गाडीने आम्हाला थांबवलं. काच खाली झाली. "ताई, वर पार्किंग मिळेल का?"

मी म्हटलं, "नाही मिळणार. भरलंय. इथून वळवा, खाली लावा आणि टॅक्सीने या. तासभर वाचेल तुमचा."

"थँक्यू हं ताई," ते म्हणाले. काच वर गेली, पुढचा टेम्पो हलत नव्हता, आणि त्यांनी हॉर्न देऊन गाडी उजवीकडून काढली.