“जहाजावर हात गेला तर भारतात काही मिळत नाही” म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळे-नंदुरबारच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, “मर्चंट नेव्हीत पोरगा असलेल्या प्रत्येक बापाने वाचा” अशी त्याची सुरुवात. म्हणणं असं की जहाज परदेशी झेंड्याचं, म्हणजे परदेशात नोंदवलेलं असेल तर भारतात केसच होत नाही, चूक पोराची निघाली तर रुपया मिळत नाही, एजंट जो चेक देईल तो घेऊन सही करून टाका, तक्रार केली तर सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) रद्द होते, मुंबईचा वकील लाखो रुपये घेतो, आणि खरा पैसा अमेरिकेच्या जोन्स ॲक्टमधे (खलाशांच्या इजेच्या भरपाईचा तिथला कायदा) आहे, त्यासाठी खालच्या नंबरवर फोन करा, ३० टक्के नंतर द्या. मी डेकवर काम केलेला माणूस, आता घरीच असतो, त्यामुळे लोक हा मेसेज मला पाठवून विचारतात, खरंय का भो? खरं नाहीये. आणि हे ऐकून कोणी वर्षभर गप बसला तर त्याची मुदत निघून जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं झेंड्याचं बघू. जहाज पनामाचं, लायबेरियाचं, मार्शल आयलंडचं असणं ही रोजची गोष्ट आहे, आपली बहुतेक पोरं अशाच जहाजांवर असतात. पण या तिन्ही देशांनी २००६ चा मेरीटाईम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय ठराव, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात, तो मंजूर केलेला आहे, लायबेरिया तर मंजूर करणारा पहिला देश. भारताने २०१५ मधे केला. त्यात स्पष्ट आहे की कामावर इजा झाली तर औषधपाणी, दवाखाना न् घरी पाठवायचा खर्च मालकाचा, जहाजावर असेपर्यंत पूर्ण पगार, घरी आल्यावर नोकरीच्या करारात ठरलं असेल तसा पूर्ण किंवा काही भाग. देश याला मर्यादा घालू शकतो पण १६ आठवड्यांच्या खाली नाही. शिवाय जानेवारी २०१७ पासून मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी मालकाला विमा किंवा तशी हमी ठेवावीच लागते, त्याचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं, मेसरूमच्या बाहेर वगैरे. पोरांनो, चढल्या चढल्या त्याचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा. त्याच्यावर विमा देणाऱ्याचं नाव न् पत्ता असतो, आणि करारातल्या भरपाईसाठी थेट त्याच्याकडे मागणी करता येते, मालक फोन उचलत नसला तरी.

आणि भारतात केस होत नाही हे तर साफ खोटं. ॲडमिरल्टीचा, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांचा, २०१७ चा कायदा आहे, १ एप्रिल २०१८ पासून लागू. जहाज आपल्या बंदरात आलं की जहाजाच्या कामात झालेल्या इजेसाठी किंवा मृत्यूसाठी हायकोर्ट ते जहाजच अडकवून ठेवू शकतं, झेंडा कुठलाही असो. मालकाला जहाज एकेक दिवस उभं राहिलं तरी परवडत नाही, म्हणून बऱ्याचदा तिथेच तो हमी भरायला तयार होतो. मुंबई किंवा न्हावा शेव्याला जहाज असेल तर मुंबई हायकोर्ट, मुंद्रा-कांडल्याला असेल तर गुजरातचं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या बाकी केसेस औरंगाबाद खंडपीठात जातात, पण हे काम मुंबईचं, तिथे चुकायचं नाही. इजेच्या दाव्याचा जहाजावरचा हा हक्क साधारण एका वर्षात संपतो, पगाराच्या थकबाकीचा दोन वर्षांत. परत सांगतो, एक वर्ष. कुठल्या देशात केस करायची किंवा लवादाकडे जायचं असं कलमही काही करारांत असतं, म्हणून वकिलाकडे जाताना आधी करार न्या.

चूक पोराची असेल तर काही नाही, हा मुद्दा लवकर संपतो. करारात ठरलेली भरपाई कोणाची चूक होती यावर अवलंबून नसते. मुद्दाम केलेलं गैरवर्तन किंवा कामाबाहेर झालेली इजा, तिथे अडचण येते. पाय घसरला, दोर सटकला, लक्ष नव्हतं, याने हक्क जात नाही.

आता सहीचं. यावर मी जास्त लिहिणार, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. माझ्या चुलतभावाच्या पोराची उजव्या हाताची दोन बोटं मूरिंगच्या, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायच्या वेळी दोर आणि विंचच्या (दोर ओढायच्या यंत्राच्या) मधे आली. घरी आला, हाताला पट्टी, आणि एजन्सीचा माणूस पेढे घेऊन ओट्यावर येऊन बसला, सोबत सात-आठ पानं इंग्रजीत, जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारलेली. वहिनीने विचारलं की सही केली तर पुढे काही मागता येईल का, तर म्हणे ताई ती फक्त फॉर्मॅलिटी आहे. शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं की जहाज, मालक, मॅनेजर, विमा कंपनी यांच्यावरचे सगळे हक्क आजपासून सोडले. चेकवरची रक्कम त्याच्याच करारामागच्या तक्त्यात त्या बोटांसमोर जी होती तिच्यापेक्षा कमी. तो तक्ता जवळपास प्रत्येक युनियन करारात असतो, कोणतं बोट गेलं तर किती टक्के, कोणता डोळा गेला तर किती, पण घरच्यांनी तो कधी उघडलेलाच नसतो. एमएलसीमधे शब्दच आहेत की करारातली रक्कम पूर्ण आणि उशीर न करता द्यायची, कमी पैशांवर मिटवायला दबाव आणायचा नाही, अपंगत्व ठरायला वेळ लागत असेल तर मधे पैसे द्यायचे. त्यात पावतीचा जो नमुना दिलाय त्यातही लिहिलंय की हे पैसे घेतले म्हणून निष्काळजीपणाबद्दल दावा करायचा हक्क जात नाही. म्हणजे चेक घेणं आणि हक्क सोडणं हे वेगवेगळं आहे, आणि जो माणूस दोन्ही एकाच कागदावर आणतो त्याला सांगायचं, कागद ठेवून जा, वाचून घेतो. डॉक्टरचंही तसंच, कंपनीच्या डॉक्टरचे टक्के अंतिम नसतात, आपल्या डॉक्टरचं मत घ्या, दोघांत फरक पडला तर बऱ्याच युनियन करारांत दोघांना चालेल असा तिसरा डॉक्टर नेमायची सोय असते.

सीडीसी रद्द होते म्हणतात. स्वतःच्या इजेचे पैसे मागणं हा सीडीसी रद्द करण्यासारखा गुन्हा नाही. ब्लॅकलिस्टची भीती मात्र समजते मला, पोराला पुढे जहाज हवंच असतं. पण भरती करणाऱ्यांनी अशा याद्या ठेवायला एमएलसीमधे सरळ मनाई आहे, तसं झालं तर डीजी शिपिंगकडे, म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याकडे, तक्रार करता येते, कांजूरमार्गला ऑफिस आहे. एजंटचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन तिथून येतं आणि तिथूनच जाऊ शकतं. लायसन आहे की नाही ते डीजी शिपिंगच्या वेबसाईटवर दिसतं, ते पोरगा जायच्या आधी बघायचं. बिनलायसनच्या एजंटने पाठवलं असेल तर मामला खरंच अवघड जातो, पण हक्क तिथेही संपत नाही, आणि त्या एजंटवर पोलिसातही जाता येतं.

वकिलाचा खर्च. समुद्र इथून लांब, म्हणून आपल्याला वाटतं सगळं मुंबईलाच. केस मुंबईला चालली तरी मोफत वकिलासाठी सुरुवात जिल्हा कोर्टातून होते. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने बाईमाणसाला, एससी-एसटीला आणि अपंगत्व आलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. म्हणजे जहाजावर नवरा गेला तर त्याच्या बायकोला मिळतो, तळोदा-धडगावच्या आदिवासी पोराला मिळतो. १५१०० हा फुकट नंबर आहे. हायकोर्टाची वेगळी समिती आहे, तिथला अर्ज कसा करायचा ते इथेच विचारा. युनियनचा मेंबर असाल तर आधी युनियन, खलाशांसाठी नुसी, अधिकाऱ्यांसाठी मेरीटाईम युनियन ऑफ इंडिया, करार त्यांचाच असतो आणि त्याच्या आधारे मालकाला पत्रं ते लिहू शकतात. भरपाईचा १९२३ चा जुना कायदा होता त्यात आपण राहतो तिथेच दावा लावता येत होता, मुदत इजेसाठी दोन वर्षं, खलाशाच्या मृत्यूसाठी बातमी कळल्यापासून एक वर्ष. नोव्हेंबर २०२५ पासून तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, तेव्हा अपघाताची तारीख सांगून कोणता लागू ते वकिलाला विचारा.

राहिला अमेरिकेचा जोन्स ॲक्ट. कायदा खरा आहे, १९२० चा, पण तो कोणालाही लागत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९५३ मधेच डॅनिश जहाजावरच्या डॅनिश खलाशाला तो लागू नाही असं ठरवलं, त्याची भरती न्यूयॉर्कला झालेली असून. ग्रीक मालक, पनामाचा झेंडा, सिंगापूरला अपघात आणि पोरगा चोपड्याचा, तर अमेरिकेचा संबंध कुठून लावणार? आणि ३० टक्के नंतर द्या म्हणणारा वकील नाही हे तिथेच ओळखा, भारतात वकिलाला दाव्याच्या रकमेत हिस्सा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. त्या नंबरवर पोराचा पासपोर्ट, सीडीसी, आधार असलं काही पाठवू नका.

त्यापेक्षा घरात हे गोळा करा: करार मागच्या तक्त्यासकट, ॲक्सिडेंट रिपोर्टची कॉपी, परदेशी दवाखान्याचे कागद, सीडीसीमधली उतरल्याची नोंद, सोबतच्या पोरांची नावं आणि नंबर, आणि त्यावेळचे व्हॉट्सॲपचे मेसेज न् फोटो. मोबाईल विकू नका, फॉरमॅट मारू नका. कॅप्टन ॲक्सिडेंट रिपोर्ट देत नसेल तर ईमेलवर मागा म्हणजे मागितल्याचा पुरावा राहतो. सोबतची पोरं दुसऱ्या जहाजावर चढली की सहा-सहा महिने सापडत नाहीत, त्यांच्याकडून काय बघितलं ते आत्ताच लिहून, तारीख टाकून, सही करून घ्या.