तेव्हा, तो क्षण, तसाच

सध्या एक मत बरंच फिरतंय. कोरियातली जुन्या वळणाची, तीन-चार आवाजांनी मिळून गायलेली प्रेमगाणी म्हणजे नकली आठवणी. टीव्हीवाल्यांनी बाजारासाठी घडवलेल्या, गायिकाही चेहरे बघून निवडलेल्या. भाषा न कळता ती ऐकून डोळे पुसणारे आपल्याकडचे लोक तर निव्वळ ढोंगी. मला 'गुत्ते गु सुनगान गुदेरो' हे गाणं मनापासून आवडतं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

टीव्हीचं खरं आहे. एमबीसी वाहिनीवरच्या एका कार्यक्रमातून 'गाया-जी' हा चौघींचा गट तयार झाला आणि जुलै २०२२ मध्ये हे गाणं आलं. पण चेहरे बघून निवड? ती निवड झाली तेव्हा गाणाऱ्या समोर नव्हत्याच. खरं नाव लपवून, टोपणनावाने गायचं आणि परीक्षकांनी नुसता आवाज ऐकून ठरवायचं, अशी ती रीत होती. त्यातली एक, चंग जिसो, अभिनेत्री आहे. तिलाही आवाजावरच यावं लागलं.

आता 'नकली जुनं' हा आरोप. मला सगळ्यात जास्त लागतो तो हाच. २००४ मध्ये याच वळणाची गाणी गाणारा एसजी वॉनाबी हा गट आला. नावातलं 'एसजी' सायमन आणि गारफंकल या अमेरिकन गायकजोडीवरून घेतलेलं, म्हणजे उसनवारी त्यांनी कधी लपवली नाही. २००६ मध्ये आलेल्या सीया या मुलींच्या गटाला लोक त्यांचंच स्त्रीरूप म्हणत. सीया २०११ मध्ये बंद झाला. त्याच सीयातली ई बोराम गाया-जीमध्ये गायली. जिने तो काळ स्वतः गाऊन घडवला, तिने पुन्हा त्याच वळणाचं गायलं तर ती नक्कल कशी होईल?

एकच गायिका पुरली असती म्हणणाऱ्यांनी पेटीवर सा, ग आणि प एकत्र दाबून बघावेत, मग नुसता सा. इथे चौघी आधी आळीपाळीने एकेकट्या गातात आणि ध्रुवपदाला एक होतात. एकटीची आठवण तिथे भरून येते. हे काम एका गळ्याने होणारं नव्हे.

राहता राहिली भाषा. गाण्याच्या नावातल्या चारपैकी तीन शब्द 'गु'ने सुरू होतात, म्हणून कोरियात त्याला लाडाने 'गु-गु-गु' म्हणतात. हा 'गु' म्हणजे आपला 'तो'. तेव्हा, तो क्षण, तसाच: मराठीतही तिन्हीकडे 'त'च येतो! हे कळायच्या आधी कितीतरी दिवस मी ते गाणं ऐकत होते आणि गळा दाटत होता, त्यात ढोंग कसलं? पुढे शब्दकोश उघडला तेव्हा आणखी एक सापडलं. 'गुदेरो' म्हणजे 'तसंच', आणि त्याच्या पोटात 'गुदे' ऐकू येतं. कोरियन प्रेमगाण्यांत 'तू' म्हणून जी हाक मारतात, ती हीच.