डेंग्यूचा डास तिवरात नाही, पिंपात बघा

‘खारफुटी हटवा, डेंग्यू पळवा’ असा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. म्हणणं असं: खारफुटीत डेंग्यूचे डास होतात, तिच्या वासाने आजार पसरतात, खाडीतले मासे कमी होतात आणि जमीन आपली असेल तर तोडायला कुणाला विचारावं लागत नाही. मी सोडून दिलं असतं. पण मालवणजवळच्या देवबागच्या मावशीने तो वाचून घरामागच्या तिवरांवर, म्हणजे खारफुटीच्या झाडांवर, चिरेखाणीतली चार डंपर माती ओतायचं ठरवलं. वर मलाच ऐकवते, ‘डास थयसूनच येतत!’

मावशी, तुमच्या न्हाणीमागच्या निळ्या पिंपात मी परवा टॉर्च मारला. उजेड पडताच अळ्या वळवळत तळाला गेल्या. डेंग्यूचा एडिस डास मुख्यतः अशा साठवलेल्या गोड्या पाण्यात अंडी घालतो. पिंप, टायर, अंगणातल्या करवंट्या. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पाणी हललं नाही पाहिजे. तिवरांच्या मुळांशी दिवसातून दोनदा भरती चढते नि ओसरते; उरलेल्या अळ्या ओहोळातले बारके मासे खातात. खाडीकाठी तिन्हीसांजेला डास फोडून काढतात, हे कबूल. खाऱ्या डबक्यात वाढणाऱ्या जातीही आहेत. पण त्यांनाही पाणी साचलेलंच लागतं, आणि भराव घातला की भरतीची वाट बुजून मागे नेमकं तेच उरतं. म्हणजे पैसे मोजून डासांची सोय!

वासाचं म्हणाल तर चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास त्याचाच. हवेसाठीच तर तिवराची मुळं खिळ्यांसारखी वर येतात. त्या वासाने गावात आजार पसरत नाही. मासे कमी होतात म्हणणाऱ्याने एकदा ओहोटीला कुर्ल्या धरायला उतरावं. सुंगटं (कोळंबी), बोय, तांबोशी, सगळ्यांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात.

आता ‘जमीन आपली’. मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे: जमीन कुणाच्याही मालकीची असो, राज्यभर खारफुटी तोडायला बंदी, भोवतीच्या ५० मीटरांत बांधकाम किंवा राडारोडा टाकायलाही बंदी. अपवाद सार्वजनिक हिताच्या कामापुरता. मावशीचा सातबारा त्यात बसत नाही.

एक दुखणं मात्र खरं आहे. खाडीचं पाणी अडवणारा खारबांध फुटून भाताच्या कुणग्यांत खारं पाणी शिरलं, भात गेलं, तिवर उगवलं आणि आता शेतकऱ्याला त्या तिवराला हात लावता येत नाही. कोकणात असं झालंय, त्यांचा राग समजतो. त्यांनी बांध वेळेवर दुरुस्त करून मागावा, भांडून मागावा. मावशीच्या घरामागे तर कधी भात नव्हताच.