गेन एकच्या आत, म्हणून बिनकामाचा?

परीक्षा जवळ आली की बडोद्यातल्या मुलांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. दांडिया बाजारात माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकायला येणाऱ्या चौघांनी तो याच आठवड्यात दाखवला. ‘ट्रान्झिस्टरची कॉमन एमिटर जोडणी तेवढी पक्की करा. कॉमन कलेक्टर व्होल्टेज वाढवत नाही, म्हणून निरुपयोगी. कॉमन बेस कालबाह्य. बीटा १०० धरा, गणित सुटतं.’

ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर असे तीन पाय असतात; इनपुट आणि आउटपुट दोन्हींना जो पाय सामाईक, त्यावरून जोडणीचं नाव पडतं. बीटा म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहतो तो आकडा. कॉमन एमिटर सर्वांत जास्त वापरतात, एवढं खरं. बाकीचं मुलांचं नुकसान करणारं आहे.

कॉमन कलेक्टर, म्हणजे एमिटर फॉलोअर, घ्या. ज्या सर्किटचा आउटपुट रोध १० किलोओहम आहे, त्याला १ किलोओहमचा लोड (सिग्नल घेणारा पुढचा भाग) थेट जोडा. १ व्होल्टच्या सिग्नलपैकी लोडवर जेमतेम ०.०९ व्होल्ट उरतो. आता मध्ये फॉलोअर घाला. बीटा १०० असला तर तोच लोड मागच्या सर्किटला सुमारे १०० किलोओहमसारखा दिसतो आणि, बायसिंगचे (ट्रान्झिस्टर चालू स्थितीत ठेवणारे) रोध क्षणभर बाजूला ठेवले तर, ०.९ व्होल्ट पोचतो. व्होल्टेज गेन, म्हणजे आउटपुट व्होल्टेज इनपुटच्या किती पट, तो एकच्या आतच राहिला, पण लोडवर सिग्नल दहापट मिळाला! झेनर डायोड आणि ट्रान्झिस्टरचा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा जो रेग्युलेटर मुलं प्रॅक्टिकलला बांधतात, तोही फॉलोअरच असतो.

बीटाची चूक मला सगळ्यांत जास्त खुपते, कारण ती कागदावर दिसत नाही. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमध्ये बीटा ११० पासून ८०० पर्यंत दिलाय. १२ व्होल्टचा पुरवठा, कलेक्टरला ३ किलोओहम, बेसमध्ये ठरवून दिलेला २० मायक्रोअँपिअर करंट. बीटा १०० धरला तर कलेक्टरवर छान ६ व्होल्ट येतात. हातात ३०० बीटाचा पीस आला तर हिशेबाने ६ मिलीअँपिअर हवेत, म्हणजे रोधावरच १८ व्होल्ट. ते येणार कुठून? ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो, म्हणजे पूर्ण चालू होऊन अडकतो आणि सिग्नल वाढवत नाही, आणि पोरगं बिचारं वायरी तपासत बसतं. कलेक्टरचा करंट बीटावर फारसा अवलंबून राहू नये, म्हणून तर बेसला व्होल्टेज डिव्हायडर आणि एमिटरला रोध लावतात.

कॉमन बेसही कालबाह्य नाही. कॉमन एमिटरचा गेन १०० असला तर कलेक्टर-बेसमधली २ पिकोफॅरडची धारिता इनपुटला सुमारे २०० पिकोफॅरडसारखी जाणवते, आणि उच्च वारंवारतेला गेन ढासळतो. हाच मिलर परिणाम. कॉमन बेसमध्ये बेस सिग्नलच्या दृष्टीने ग्राउंडवर असतो, त्यामुळे ही अडचण येत नाही. कॅस्कोड या दोन ट्रान्झिस्टरच्या जोडणीत तर खालच्या कॉमन एमिटरच्या डोक्यावर कॉमन बेस बसवतात, तो याचसाठी.