सामना सोडून सगळं दाखवा!

माझ्या लाडक्या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या स्वतःच्या ॲपची वर्षभराची वर्गणी भरली. पौंडात. वर बँकेचा परदेशी व्यवहाराचा भुर्दंड वेगळाच. आणि बघायला काय मिळतं? सरावाचा व्हिडिओ. मैदानातल्या गवताची निगा. गोलकीपरला कुठला पिझ्झा आवडतो, यावर अकरा मिनिटं! सामना? ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.’

अहो, कार्डावरून पैसे उचलताना माझा प्रदेश कुठला ते दिसलं नव्हतं?

क्लब खेळतो त्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे टीव्ही-हक्क १९९२ पासून सगळ्या क्लबांचे मिळून एकगठ्ठा विकले जातात. म्हणून क्लबला लीगमधला स्वतःचाच सामना थेट दाखवता येत नाही. म्हणजे मांडव आमचा, वरात आमची, आणि नवरदेवालाच दारात अडवायचं! बरं, हे सगळं वर्गणीच्या पानावर ठळक लिहायला काय होतं? नाही, तिथे फक्त ‘तुमचा क्लब, तुमच्या जवळ’. जवळ म्हणे!

मग हक्कवाल्यांच्या दारी जा. लीग एका ॲपवर, युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग दुसऱ्यावर, स्पेनच्या ला लिगाची चव घ्यायची तर तिसरं. पासवर्ड लिहायला वही केलीय मी, किराण्याच्या यादीसारखी.

एवढं करून रात्री दीड वाजता, घरच्यांची झोपमोड नको म्हणून आवाज बंद करून बसावं, तर स्क्रीनवर नुसतं चक्र गरगरतंय. तेवढ्यात ग्रुपवर मित्राचा मेसेज: ‘काय गोल मारला रे!’

कुठला गोल? माझ्याकडे अजून कॉर्नर घेतायत.