वय 46, शरीर 63

गेल्या रविवारी सकाळी पावणेसातला, बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली, पंचवीसेक माणसांसमोर मी एका झटक्यात 17 वर्षांनी म्हातारा झालो. निळ्या टीशर्टातल्या एका पोरानं मला अनवाणी काचेच्या काट्यावर उभं केलं आणि लिलाव पुकारावा तसा ओरडला, "सर, बॉडी एज त्रेसष्ट!"

हे यंत्र तळव्यांतून बारीकसा करंट सोडून अंगातल्या चरबीचा अंदाज बांधतं. अंदाज! माझे तळवे दवानं ओले होते आणि ओल्या तळव्यांनी आकडा हलतो, हे मी तीनदा सांगितलं. त्रेसष्टीला माणूस हट्टी होणारच, अशा नजरेनं पोरानं मला ऐकून घेतलं.

मग फॉर्म. कन्नड आणि इंग्रजी, मराठी नाही. याचं नवल कधीच संपलं, राग मात्र दर वेळी ताजा येतो. शेवटच्या रकान्यात 'उद्देश'. कन्नडातही उद्देशच. सीमाभागात या एका शब्दावरून तरी मोर्चा निघायचा नाही.

"जीवनाचा उद्देश लिहा, सर. इकिगाई. जपानात ओकिनावाचे लोक शंभरी गाठतात, कारण त्यांना सकाळी उठायला कारण असतं."

मलाही असतं. नळाला पाणी येतं.

तेवढ्यात सायकलला दुधाची किटली अडकवलेले येळ्ळूरचे एक तात्या मान पुढे काढून म्हणाले, "काय गा, कुणाला गाई इकायच्यात?"

"इकिगाई, तात्या. जपानी शब्द आहे."

"आमच्यात गाई नाहीत. दोन म्हशी हाईत. खरं इकणार नाही." (परगावच्यांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.)

"विकायचं नाही हो. तुम्ही कशासाठी जगता, ते विचारतोय."

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कशासाठी म्हंजे? धार कोण काढणार, तुझा बाप?"

पोराचा चेहरा उजळला. "करेक्ट! हेच तुमचं इकिगाई!"

"मर्दा, चारला रेकून रेकून उठिवती ती. झोपू देत न्हाई. ह्यो उद्देश हाय व्हय?"

वय विचारलं तर म्हणाले, "आधारवर 78 हाय. त्ये बी शाळंच्या मास्तरनं अंदाजानं घातलेलं." काट्यावर चढायला मात्र तयार होईनात; चपला कोण राखणार? शेवटी मी राखायच्या ठरल्या. टायरच्या त्या चपला हातात धरून मी उभा असताना पोरगा पुन्हा पुकारला, "बॉडी एज एकोणसाठ!" टाळ्या पडल्या. तात्यांनी खाली उतरून माझ्या खांद्यावर थाप मारली.

"आजोबा, चपला द्या की."

हसू आलं असतं, पण मी ओकिनावाबद्दल थोडंफार वाचलेलं आहे. तिथले म्हातारे एके काळी मुख्यतः रताळ्यांवर वाढले. रताळी! बेळगाव-खानापूर पट्ट्यात ती पोत्यांनी पिकतात, ट्रक भरून परमुलखात जातात, आणि आम्ही खातो एकादशीला. तिकडं 'मोआई' असते: मैतरांनी महिन्याला पैसे घालायचे आणि जन्मभर एकमेकांना धरून राहायचं. आमच्या गल्लीत याला भिशी म्हणतात, आणि तिच्यापायी दोन सख्खे भाऊ तीन वर्षं बोलत नाहीत. 'हारा हाची बू' म्हणजे पोट 80 टक्के भरलं की थांबा. आमच्या पंगतीत 80 टक्क्यांवर पानावर हात आडवा धरा बघू! "तब्येत बरी नाही काय?" म्हणत वाढणारा हाताच्या फटीतून मांडा सरकवतो.

आणि चाला, चाला म्हणतात, ते कुठं? फूटपाथवर दुचाक्या, त्या नसतील तिथं खोदलेलं, खोदलेलं नसेल तिथं फरशी निखळलेली. चालण्यासाठी डेपोला यायचं म्हणून मी स्कूटर काढतो. शंभर वर्षं जगा म्हणणाऱ्यांनी आधी पहिल्या रेल्वे गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत संध्याकाळी पायी धड पोचून दाखवावं.

बरं, पोचलो शंभरीला, तर पुढं? पोरगा पुण्याला शिकतो. परत येईन असं तोही म्हणत नाही, आम्हीही विचारत नाही. रात्री नऊनंतर आमच्या गल्लीत जो उजेड दिसतो, तो म्हाताऱ्यांच्या टीव्हीचा. त्यांना आयुष्य आधीच पुरून उरलंय. त्यांच्यापुढं नेऊन धरा की हा रकाना.

मी तो कोराच ठेवून, चपला देऊन निघून आलो.

संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. वजन, चरबी, शरीराचं वय 63. रकान्यांची कुठंतरी अदलाबदल झाली असावी, कारण उद्देशासमोर लिहिलं होतं: म्हशी 2.

बायकोनं तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बांधणार कुठं?"