सहा महिने कशाला?

अमेरिकेच्या कागदोपत्री तुम्ही पर्यटक आहात. हे निघण्याआधीच मनावर ठसवून घ्या, कारण तिकडे पोचल्यावर पुढचे सहा महिने याची आठवण करून देणारं कुणी भेटणार नाही. बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर दर वर्षी नाहीतर वर्षाआड न्यूजर्सीला जाणाऱ्या तुमच्यासारख्या मुरलेल्या पर्यटकाने ग्रँड कॅन्यन पाहिलेलं नसतं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर मेथीची ताजी जुडी कुठे मिळते, ते मात्र तो झोपेतही सांगेल. नायगारा पहिल्याच खेपेला उरकलेला असतो आणि निळा रेनकोट घातलेला तो फोटो कोथरूडच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लागलेला असतो. पाचव्या खेपेला प्रेक्षणीय स्थळ एकच उरतं: डायपर बदलायचं टेबल.

अशा पर्यटकांनी इमिग्रेशनच्या काउंटरवरून सुखरूप पलीकडे कसं जावं, याबद्दल ह्या चार सूचना.

तयारीची सुरुवात फाइलपासून करा. प्लॅस्टिकचे कप्पे असलेली, फुगून मिटेनाशी झालेली फाइल हवी. अमेरिकन कायद्याचं कलम २१४(बी) सांगतं की व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं. तसं नाही हे सिद्ध करणं त्याचं काम. ते तुम्ही बीकेसीच्या वकिलातीत करून दाखवलंत म्हणून तर दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. तरीही एफडीच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पेन्शनचं पासबुक आणि गावाकडचा सातबारा पुन्हा बरोबर घ्या. न्यूअर्क विमानतळावर अधिकारी मागणार नाही, पण तुम्ही दाखवा. सातबाऱ्यावर चुलतभावाचं नाव अजून कसं कमी झालेलं नाही आणि तलाठी दाद कसा देत नाही, हेही समजावून सांगा. वादातली जमीन सोडून अमेरिकेत राहणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय, एवढं त्याला कळलं तर प्रश्नच मिटतो.

त्यानंतर तालीम. दोन रविवार मुलगा व्हिडिओ कॉलवर उलटतपासणी घेतो. बाबांनी जास्त बोलायचं नाही. आईने बाबांकडे बघायचं नाही. 'हेल्प' हा शब्द तर तोंडातून निघताच कामा नये. ही सगळी आखणी 'मिशन बाळ' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. त्याच ग्रुपवर सुनेने वर कुठेतरी लिहिलेलं असतं, 'आई आल्या की डे-केअर बंद करतोय, सुटलो.' तो ग्रुप तसाच राहू द्या. सीमेवरच्या अधिकाऱ्याला तुमचा फोन तपासायचा अधिकार आहे, पण मराठी काय त्याला कळणार, अशी खात्री बाळगा. निदान 'डे-केअर' हा शब्द तरी इंग्रजीत टाइप करा, म्हणजे त्याला फार त्रास व्हायला नको.

व्हीलचेअर मात्र तिकिटाबरोबरच सांगून ठेवायची. रोज पहाटे पर्वती चढून वर प्राणायाम करणारे आणि खाली येऊन अमृततुल्य गाठणारे काका विमानतळाच्या दारात पाऊल ठेवताक्षणी गुडघ्यातून जातात. व्हीलचेअरची रांग वेगळी, ढकलणारा मुलगा रस्ता जाणतो आणि वेळ पडली तर हिंदीत दोन शब्द सांभाळूनही घेतो. फक्त उतरल्यावर बॅगांचा पट्टा दिसला की लगेच उठून तेवीस किलोची बॅग एका हाताने ओढू नका. मागे ज्यांना खरोखर चालता येत नाही अशा आजी खुर्चीची वाट बघत बसलेल्या असतात. त्यांच्याकडे बघणंही टाळलेलं बरं.

आता ठिकाण. अबू धाबीमार्गे जाणार असाल तर अमेरिका तिथेच, वाळवंटात सुरू होते. २०१४ पासून अमेरिकेचे इमिग्रेशन अधिकारी तिथल्या विमानतळावर बसतात. ठसे, फोटो, प्रश्न सगळं तिथेच, आणि पुढे न्यूयॉर्कला मुंबईहून नागपूरला उतरल्यासारखे बाहेर पडता. सोय चांगली. पण ज्यांना वाटेत आखातात दोन दिवस भाचीकडे थांबायचंय, त्यांनी दिवाळीचे अनारसे सोडून जावं. अनारशावर खसखस असते आणि अमिरातीत खसखस बाळगणं हा अमली पदार्थांच्या यादीतला गुन्हा आहे. पर्यटक म्हणून नाही तर निदान तस्कर म्हणून तरी लक्षात राहायचं असेल, तर डबा न्या.

आणि मग तो काउंटर. 'किती दिवस राहणार?' असं अधिकारी विचारतो. 'सहा महिने' म्हणून थांबायचं, असं मुलाने घोकून घेतलेलं असतं. थांबू नका. एवढ्या तुटक उत्तराला आपल्याकडे उद्धटपणा म्हणतात. पुढे जोडा, 'तिकीट तेवढ्याचं आहे, पण बदलता येतं हो. सुनेची रजा संपतेय ना, मग बाळाकडे कोण बघणार?' झालं. नातवाला भेटायला, त्याला कडेवर घेऊन खिडकीतून स्कूल बस दाखवायला येणं हा गुन्हा नाही. पण पगार देऊन ठेवायच्या माणसाची जागा भरायला बाई आलीये, असा वास आला की पर्यटक व्हिसाचं गणित बिघडतं. तुम्ही तर रजेच्या तारखेसकट हिशोब मांडून दिलात.

एवढ्यात काकांनी बोलायला सुरुवात करावी. प्रश्न काकूंना असला तरी. 'पूर्वी काय करत होता?' या प्रश्नाला 'बँकेत' एवढं पुरतं. तरी क्लार्क म्हणून लागल्यापासून इचलकरंजी, लातूर, परत पुणे असा बदल्यांचा क्रम सांगावा, मध्ये कोकणात जायला नकार दिल्यामुळे प्रमोशन कसं हुकलं तेही. मागच्या खेपेला किती राहिलात, याचं उत्तर काकू 'पाच महिने' आणि काका 'जरा जास्तच' असं एकाच वेळी देतील याची काळजी घ्या. नेमका आकडा अधिकाऱ्याच्या पडद्यावर आहेच. तो तुम्हाला माहिती विचारत नसून तुमचा आपसातला मेळ बघत असतो. मेळ नसला की आतल्या खोलीत खुर्च्या आहेत. तिथे फोन वापरू देत नाहीत, त्यामुळे बाहेर फुगे घेऊन उभ्या असलेल्या मुलाला तीन तास काहीच कळत नाही.

एक गोष्ट मात्र त्या अधिकाऱ्याच्या बाजूने बोलायलाच हवी. त्याचा चेहरा दगडी असतो, पासपोर्ट तो पत्त्यांसारखा चाळतो, सगळं खरं. पण या अख्ख्या प्रवासात 'तुम्ही कशाला आलात?' असं तुम्हाला विचारणारा तो पहिला माणूस आहे. तिकीट मुलाने काढलं. तारीख सुनेच्या मॅनेजरने ठरवली. किती राहायचं ते डे-केअरच्या महिन्याच्या फीने ठरवलं. काकूंचं भजनी मंडळ, काकांचा कट्टा, गॅलरीतली कुंड्यांची रांग, गुडघ्याच्या डॉक्टरांची पुढची तारीख, यातलं कशाचंच मत कुणी घेतलं नव्हतं. 'सहा महिने कशाला?' हे कुणीतरी आधी विचारायला हवं होतं, तर ते विचारायला न्यूअर्कपर्यंत यावं लागलं. काकू त्या प्रश्नापाशी क्षणभर अडखळतात ना, ते इंग्रजीमुळे असं सगळे समजतात.

अर्थात असलं काही मनात आणायचं नाही. 'नातवाला भेटायला' म्हणायचं, बोटं काचेवर ठेवायची.

वारंवार जाणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणजे दहा वर्षं येऊन-जाऊन राहायची मुभा आहे, असा आपल्या सोसायटीच्या बाकावरचा कायदा सांगतो. खरा कायदा असा की व्हिसा दारापर्यंत आणतो. आत किती दिवस, ते काउंटरवरचा ठरवतो. साधारण सहा महिने मिळतात, पण तो कमीही देऊ शकतो. शेवटची तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांसाठी ती २०१३ पासून संगणकावर गेली, त्यामुळे पासपोर्टातल्या शिक्क्यावर न विसंबता वेबसाइटवर जाऊन बघायची असते. ते करू नका. मुलगा बघेल म्हणून सोडून द्या, मुलगा तुम्ही बघितलं असेल म्हणून सोडून देईल.

बाकावरचा कायदा पुढे म्हणतो, जितके महिने तिकडे तितके महिने इकडे काढले की कुणी काही बोलत नाही. असा नियम कुठेही लिहिलेला नाही. अधिकारी एकूण वळण बघतो: माणूस भारतातून अमेरिकेला जातोय, की अमेरिकेतून भारतात औषधं आणायला येतोय? त्यातून पाळीपद्धत असेल तर बघायलाच नको. एप्रिल ते सप्टेंबर मुलाचे आईवडील, ऑक्टोबर ते मार्च सुनेचे. दोन्ही जोड्यांचा तिकडचा पत्ता एकच. व्याही एकमेकांना फक्त हँडओव्हरच्या फोनवर भेटतात: वाफेचं मशीन कुठल्या कपाटात आहे, बाळ कुठल्या गाण्याला झोपतं. एखाद्या कारखान्याचंही वेळापत्रक इतकं चोख नसतं. आणि हे सगळे पर्यटक.

इमिग्रेशनने पर्यटक म्हटलं तरी तिकडचं आयकर खातं तेच म्हणेल असं नाही, ही खास मौज. ते तीन वर्षांचे दिवस मोजतं: यंदाचे पूर्ण, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली की कराच्या दृष्टीने तुम्ही तिथले रहिवासी ठरू शकता. दर वर्षी १२२ दिवस राहिलात तरी ती बरोबर भरते. मग तुमचं घरदार, नातीगोती, बँक सगळं भारतातच आहे हे दाखवायला आणखी एक फॉर्म आहे. सातबाऱ्याची फाइल जपून ठेवा म्हणतात ते उगाच नाही.

मुक्काम वाढवायचा असेल तर मुदत संपायच्या आत आय-५३९ नावाचा अर्ज भरता येतो. बाळाला दात येताहेत, हे कारण त्यात भावनेने ओथंबून लिहा. आणि मुदत उलटूनच राहायचं ठरवलं असेल, तर उपहास बाजूला ठेवून सांगतो, एक दिवस जास्त झाला तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. १८० दिवसांच्या वर गेलात तर तीन वर्षं आणि वर्षभर राहिलात तर दहा वर्षं दार बंद. नातू तोवर गाडी चालवायला शिकेल.

यावर मुलाने नागरिकत्व घेतलं की एक रामबाण उपाय निघतो: ग्रीन कार्ड. रांग नाही, तालीम नाही, 'हेल्प' म्हणायलाही मोकळे. तुम्ही हौसेने घेता, कोथरूडला परत येता, आणि गणपती, दिवाळी, भाचीचं लग्न असं करत सात-आठ महिने रमता. मग पुन्हा तोच काउंटर, तोच दगडी चेहरा, आणि प्रश्न येतो, 'इतके दिवस बाहेर कशाला राहिलात?' सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात की अशी विचारपूस होते. वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात, मग री-एंट्री परमिट काढून ठेवायचं. म्हणजे पर्यटक असताना इथे फार राहता म्हणून जाब द्यायचा, कार्ड मिळाल्यावर तिथे फार राहता म्हणून. या दोन्हींच्या मधे नेमके किती दिवस जगलं की कुणाचीच हरकत नसते, ते बाकावर विचारून बघा. तिथे एकाला नक्की माहीत असतं.

असो. समजा पासपोर्ट परत मिळाला, 'वेलकम' ऐकू आलं. काम संपलेलं नाही, बॅगा बाकी आहेत. मेतकूट तुम्ही केबिन बॅगेत ठेवलं होतं, ते मुंबईतच गेलं, कारण अमेरिकेच्या विमानात ३५० मिलिलिटरच्या वर पूड हातात नेली की वेगळी तपासणी होते आणि ते नेमकं काय आहे हे कुणालाच सांगता आलं नाही. हापूस तर सोबत नेताच येत नाही. २००७ मध्ये तो लासलगावला कीड रोखणाऱ्या किरणांची आंघोळ करून अधिकृतपणे अमेरिकेला गेला, पण पेटीतून, व्यापारी मालात. तुमच्या साडीत गुंडाळून नव्हे. डिंकाचे लाडू सांगून न्या. खाण्याचं काही आहे का, या प्रश्नाला 'नो' म्हणू नका. बॅगेला लोणच्याचा वास येत असताना तर मुळीच नाही. दंड डॉलरमध्ये असतो आणि तुम्ही त्याचे रुपये करून पुढचे सहा महिने झुरत राहाल.

पट्ट्याजवळ एक बीगल जातीचा कुत्रा हिंडत असतो, अंगावर निळं जाकीट, लांब कान, मोठा लाघवी. तो तुमच्या बॅगेशी आला, हुंगलं आणि शहाण्यासारखा खाली बसला, तर 'किती गोड आहे गं' म्हणत त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नका. त्याला कढीपत्ता सापडलाय.